सांध्यावर सांधा नको: विटेच्या चालीने बसवलेल्या टाइलचा इतिहास

स्वयंपाकाच्या ओट्यामागची दीड-दोन फूट उंचीची भिंत हा घरातील सर्वांत जास्त मार खाणारा भाग असतो. फोडणीतून उडणारे तेल, कुकरच्या शिट्टीबरोबर बाहेर पडणारी वाफ, सिंकमधल्या पाण्याचे शिंतोडे आणि हळदीचे डाग हे सारे तिच्यावरच येते, आणि म्हणूनच गिलाव्यावर झिलईदार टाइल्सचे आवरण, म्हणजे बांधकामाच्या व्यवहारात ज्याला ‘डॅडो’ म्हणतात ते, घरातील ज्या थोड्या जागी प्रथम आले त्यांत ही जागा मोडते. अलीकडच्या काळात महाराष्ट्रातील शहरी घरांमध्ये या पट्ट्यावर तीन इंच उंच आणि सहा इंच लांब अशा लहान, बहुधा पांढऱ्या टाइल्स विटांच्या चालीने बसवण्याची पद्धत रूढ झाली आहे. तीत एका थरातील दोन टाइल्समधला उभा सांधा खालच्या थरातील टाइलच्या बरोबर मध्यावर येतो. भिंतीचे ओझे पेलण्यासाठी विटेला जी रचना आवश्यक असते, ती कसलेही ओझे न पेलणाऱ्या, पाव इंच जाडीच्या टाइलवर का यावी आणि इतकी वर्षे का टिकावी, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. त्याचे उत्तर शोधताना बांधकामाचा, आरोग्यविचाराचा आणि गवंड्याच्या हातकसबाचा इतिहास एकाच भिंतीवर एकत्र आलेला दिसतो.

वीटकामाचा पहिला नियम असा की सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. उभे सांधे एकाखाली एक आले, तर भिंत वरपासून खालपर्यंत एका रेषेत चिरण्याची भीती असते. ते प्रत्येक थरात सरकवले, तर वरच्या विटेचा भार खालच्या दोन विटांवर वाटला जातो आणि भिंत एकसंध होते. या सरकवण्याला सांधेमोड म्हणतात. हडप्पा आणि मोहेंजोदडो येथील भाजलेल्या विटांची उंची, रुंदी आणि लांबी यांचे प्रमाण १:२:४ असे होते. तेथील भिंतींत एका थरात विटा लांबीने, तर दुसऱ्या थरात आडव्या घालून सांधेमोड साधलेली आढळते, म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या गवंड्यालाही हा नियम ठाऊक होता. पुढे युरोपात या सांधेमोडीच्या निरनिराळ्या पद्धती नावारूपाला आल्या. एक थर लांबीचा आणि एक थर आडव्या विटांच्या तोंडांचा, ही इंग्लिश पद्धत. प्रत्येक थरात एक लांब आणि एक आडवी अशा आलटून-पालटून विटा, ही फ्लेमिश पद्धत.

टाइलवर जी रचना उतरली, ती मात्र या दोन्हींपैकी नव्हे. तीत सर्व विटा लांबीनेच दिसतात आणि प्रत्येक थर अर्ध्या विटेने सरकलेला असतो. जाड भिंतीत ही रचना चालत नाही, कारण भिंतीच्या पुढच्या आणि मागच्या अंगाला बांधून ठेवणारी आडवी वीटच तीत नसते. ती शोभते अर्ध्या विटेच्या, म्हणजे सुमारे साडेचार इंची भिंतीला. जोपर्यंत इमारतीचा भार भिंतीच पेलत होत्या, तोपर्यंत अशी भिंत दुय्यम कामापुरतीच होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोलादाचा सांगाडा आणि नंतर सिमेंट काँक्रीटचा सांगाडा आला, भार खांबांनी आणि तुळयांनी उचलला, आणि भिंत केवळ आडोसा उरली. तेव्हा ही सोपी रचना सर्वत्र पसरली. मुंबई-पुण्यातील बहुसंख्य सदनिकांमध्ये ओट्यामागे गिलाव्याखाली उभी असते ती हीच अर्ध्या विटेची भिंत. टाइलने नक्कल केली ती वीटकामाच्या सर्वांत हलक्या, जवळजवळ ओझेमुक्त प्रकाराची, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

वीट आणि झिलई यांचा संबंध जुना आहे. झिलई म्हणजे भाजलेल्या मातीवर वितळवून चढवलेला काचेसारखा थर, जो पाणी आत शिरू देत नाही. दुसऱ्या नेबुकॅडनेझरने इसवी सनपूर्व सहाव्या शतकात उभारलेल्या बॅबिलॉनच्या इश्तार द्वाराच्या विटांवर निळी झिलई होती. रॉबर्ट कोल्डेवाय यांनी १८९९ पासून केलेल्या उत्खननात तिचे तुकडे मिळाले आणि त्यांतून उभी केलेली प्रतिकृती बर्लिनच्या पेर्गामॉन संग्रहालयात १९३० मध्ये खुली झाली. तेथे झिलई विटेवरच आहे, वीट भार वाहते आणि सजतेही. टाइल हा त्यापुढचा टप्पा होय; तीत भार वाहणारे अंग मागे राहते आणि चकचकीत चेहरा तेवढा वेगळा काढून भिंतीवर चिकटवला जातो.

या वेगळ्या काढलेल्या चेहऱ्यावर शतकानुशतके चित्र असे, आणि चित्राने सांध्यांची जागा ठरवून टाकली होती. सतराव्या शतकातील डच घरांत चुलीभोवती आणि स्वयंपाकघराच्या भिंतींवर डेल्फ्टच्या धर्तीच्या सुमारे तेरा सेंटिमीटर चौरस टाइल्स लागत. त्यांच्या मध्यभागी एखादे जहाज, मेंढपाळ किंवा खेळणारे मूल असे आणि चारही कोपऱ्यांत बैलाच्या शिंगांसारख्या वळणाचा एक-एक छोटा नक्षीभाग असे. चार टाइल्स चार कोपऱ्यांनी एकत्र आल्या की त्या चार भागांचे मिळून एक पूर्ण फूल बनत असे, आणि यासाठी सांध्याखाली सांधा येणे अपरिहार्य होते. पोर्तुगीज परंपरेतील आझुलेजू टाइल्समध्ये तर संपूर्ण भिंत हेच एक चित्र असते. पणजीच्या मिनेझिश ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात जॉर्ज कुलासू यांनी १९३५ मध्ये केलेल्या निळ्या-पांढऱ्या टाइल्सवर ‘ओश लुझीयादश’ या महाकाव्यातील प्रसंग आहेत. त्यांतील एक थर अर्ध्या टाइलने सरकवला, तर माणसांचे चेहरे आणि जहाजांच्या डोलकाठ्या दोन तुकडे होऊन बसतील. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत जपानहून भारतात मोठ्या प्रमाणावर आलेल्या उठावदार रंगीत टाइल्सची गोष्टही तशीच. त्यांपैकी काहींवर राजा रविवर्मा यांच्या छापील चित्रांवरून घेतलेल्या लक्ष्मी, सरस्वती आणि कृष्णाच्या आकृती होत्या. देवाची प्रतिमा असलेली टाइल सरळ रांगेत, चौकट राखूनच बसते. विटेची चाल ही अशा प्रकारे मूलतः कोऱ्या टाइलची चाल आहे. चित्र गेल्यावर भिंतीवर रेषा उरते ती फक्त सांध्याची, आणि मग सांधा कुठे घ्यायचा हीच सजावट होऊन बसते.

कोऱ्या टाइलने विटेचे सोंग घेतल्याचे एक विलक्षण उदाहरण मात्र स्वयंपाकघराच्या फार आधीचे आणि घराबाहेरचे आहे. अठराव्या शतकात इंग्लंडच्या आग्नेय भागात, विशेषतः ससेक्स आणि केंट या परगण्यांत, लाकडी सांगाड्याच्या जुन्या घरांना विटांच्या घरांचे रूप देण्यासाठी एक खास टाइल वापरात आली. तिला पुढे ‘मॅथेमॅटिकल टाइल’ हे नाव पडले. तिचा वरचा भाग पातळ असे आणि तो कौलासारखा लाकडी पट्टीवर खिळ्याने अडकवला जाई. खालचा भाग मात्र जाड आणि पुढे आलेला, बरोबर विटेच्या दर्शनी बाजूएवढा असे. वरच्या ओळीतील टाइलचा जाड भाग खालच्या ओळीच्या पातळ भागाला झाकून टाकत असे, मधल्या फटीत चुना भरला जाई, आणि काम संपल्यावर समोरून पाहणाऱ्याला ही विटांची भिंत नाही हे सहज कळत नसे. फ्लेमिश रचनेचा भास हवा असेल, तर आडव्या विटेच्या तोंडाएवढ्या आखूड टाइल्स वेगळ्या घडवाव्या लागत. फसगत उघडी पडे ती कोपऱ्यावर, कारण तेथे विटेची जाडी दिसायला हवी. म्हणून कोपऱ्यासाठी खास वळणाच्या टाइल्स करत किंवा कोपरा सरळ लाकडी पट्टीने झाकत. लुइस आणि ब्रायटन या गावांत अशी घरे आजही उभी आहेत, आणि ब्रायटनच्या रॉयल क्रेसेंटवरील टाइल्सना तर काळी चकचकीत झिलई आहे.

या टाइल्सचा उगम विटांवरील कर चुकवण्यासाठी झाला, असे पुष्कळदा सांगितले जाते. ब्रिटनमध्ये विटांवर १७८४ पासून १८५० पर्यंत कर होता हे खरे. परंतु त्याच कायद्याने टाइल्सवरही कर बसवला होता, तो १८३३ पर्यंत चालू राहिला, आणि अशा टाइल्स कर येण्याच्या आधीपासून वापरात होत्या. तेव्हा करापेक्षा प्रतिष्ठेचे कारण अधिक पटते. वीट हे सुस्थितीचे लक्षण होते, आणि जुने लाकडी घर न पाडता, त्याच्या पायावर विटांचे वजन न टाकता ते लक्षण मिळवण्याचा हा मार्ग होता. टाइलवर विटेची रचना कशासाठी येते, याचे एक उत्तर येथे मिळते: डोळ्याला ती भिंत भक्कम वाटते. सरकलेले सांधे पाहिले की एकमेकांत गुंतलेल्या थरांचा, म्हणजे पक्क्या बांधकामाचा बोध होतो, आणि हा बोध इतका जुना आहे की रचनेमागचे कारण नाहीसे झाले तरी तो टिकून राहतो.

घरातल्या भिंतीवर बारीक सांध्यांची कोरी टाइल येण्यासाठी तिचे माप नेमके असणे आवश्यक होते, आणि ओल्या मातीची टाइल या बाबतीत भरवशाची नव्हती. ओली माती वाळताना आणि भाजताना आकसते, वाकते आणि प्रत्येक टाइल थोडी वेगळी निघते. यावर उपाय सापडला तो गुंड्या बनवण्याच्या धंद्यात. बर्मिंगहॅमच्या रिचर्ड प्रॉसर यांनी १८४० मध्ये जवळजवळ कोरड्या मातीची भुकटी पोलादी साच्यात प्रचंड दाबाखाली दाबून गुंड्या बनवण्याचे पेटंट घेतले. स्टोक-ऑन-ट्रेंटचे कुंभकाम उद्योजक हर्बर्ट मिंटन यांनी त्या पेटंटात वाटा विकत घेतला आणि तीच रीत टाइलला लावली. भुकटीत पाणी अत्यल्प असल्याने टाइल फारशी आकसत नसे, लवकर वाळत असे आणि शेकडो टाइल्स एका मापाच्या निघत. मिंटनच्या टाइल्स साम्राज्याच्या वाटेने मुंबईलाही आल्या. भायखळ्याच्या, १८७२ मध्ये लोकांना खुल्या झालेल्या आणि आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संग्रहालयाच्या जमिनीवर त्या पाहता येतात. व्हिक्टोरियन काळात भिंतीच्या टाइलचे सहा इंच चौरस हे माप रूढ झाले, आणि त्याचा अर्धा भाग म्हणून सहा बाय तीनची टाइलही बाजारात आली. एकास दोन हे तिचे प्रमाण फार सोयीचे आहे. ती अर्ध्याने सरकवता येते, उभी-आडवी मिसळता येते, आणि दोन टाइल्स एकत्र ठेवल्या की पुन्हा चौरस मिळतो.

कारखाना टाइल देऊ लागला त्याच सुमारास तिला एक नवे काम मिळाले. शहरे कॉलरा, विषमज्वर आणि क्षयाने ग्रासलेली होती. लुई पाश्चर यांच्या संशोधनाने आणि नंतर रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये दाखवून दिलेल्या क्षयाच्या जंतूने रोगाला डोळ्यांना न दिसणारे, पण पृष्ठभागांवर वावरणारे रूप दिले. त्यामुळे जी भिंत धुता येते आणि जिच्यावर मळ लपू शकत नाही, ती चांगली भिंत ठरली. विंडसरजवळ फ्रॉगमोर येथे १८५८ मध्ये बांधलेल्या राजघराण्याच्या दुग्धशाळेच्या भिंती मिंटनच्या टाइल्सनी मढवलेल्या होत्या, पण तेथे अजून रंग आणि शिल्प होते. पुढच्या चाळीस वर्षांत रुग्णालये, खाटकांची दुकाने, सार्वजनिक स्नानगृहे आणि दुग्धशाळा यांच्या भिंती अधिकाधिक पांढऱ्या होत गेल्या. अलंकार म्हणून टाइल जितकी उतरली, तितकी साधन म्हणून ती वर चढली. पॅरिसच्या मेट्रोचा पहिला मार्ग १९ जुलै १९०० रोजी सुरू झाला, तेव्हा स्थानकांच्या कमानी जिएन आणि श्वाझी-ल-र्वा येथील कारखान्यांच्या पांढऱ्या टाइल्सनी आतून मढवल्या होत्या. या टाइल्सच्या चारही कडा उतरत्या कापलेल्या होत्या, ज्यामुळे विजेच्या मंद दिव्यांचा उजेड अनेक दिशांना परावर्तित होई, आणि त्या विटांच्या चालीने सरकवून बसवल्या होत्या.

तरी आज जगभर या टाइलला ‘सबवे टाइल’ हे जे नाव आहे, ते न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेवरून, म्हणजे ‘सबवे’वरून पडले. विल्यम बार्कले पार्सन्स हे तिचे मुख्य अभियंता होते. काम सुरू होण्यापूर्वी त्यांनी युरोपातील शहरांच्या वाहतूक व्यवस्था प्रत्यक्ष पाहून अहवाल दिला होता. २७ ऑक्टोबर १९०४ रोजी सिटी हॉलपासून १४५व्या रस्त्यापर्यंत २८ स्थानकांचा मार्ग खुला झाला आणि त्या पहिल्या संध्याकाळीच एक लाखाहून अधिक लोक पाच सेंटचे तिकीट काढून जमिनीखाली उतरले. लोकांना जमिनीखाली नेण्यातील अडचण तांत्रिक नव्हती, ती मनाची होती. जमिनीखालची जागा म्हणजे दमट, अंधारी, कोंदट आणि म्हणून रोगट, ही त्या पिढीची पक्की समजूत होती, आणि ज्या शहरात दाटीवाटीच्या चाळवजा इमारतींत क्षयाने माणसे मरत होती, तेथे ती समजूत उगाच आलेली नव्हती. प्रवाशाला तळघरात नव्हे तर स्वच्छ सार्वजनिक दालनात आल्यासारखे वाटले पाहिजे, हे काम वास्तुरचनाकार जॉर्ज हाइन्स आणि ख्रिस्तोफर ग्रँट लाफार्ज यांच्या वाट्याला आले. स्थानके ही मोठ्या लोककार्याचा भाग असल्याने ती उपयुक्ततेइतकीच सुंदरही असली पाहिजेत, अशी अट बांधकामाच्या करारातच होती.

त्यांनी भिंत जमिनीपासून विचारपूर्वक रचली. फलाट आणि भिंत जेथे मिळतात तेथे कोपरा न ठेवता सिमेंटची गोलाई दिली, म्हणजे कचरा साचणार नाही आणि पाण्याच्या एका फवाऱ्याने तो वाहून जाईल. त्यावर, पाठ टेकण्याच्या आणि सामान घासले जाण्याच्या उंचीपर्यंत, लांबट आणि बारीक ‘रोमन’ विटांचा किंवा संगमरवराचा पट्टा बसवला. त्याच्या वर पांढऱ्या झिलईदार किंवा अपारदर्शक काचेच्या, तीन बाय सहा इंची टाइल्स अतिशय बारीक सांध्यांनी विटेच्या चालीने चढवल्या, आणि सर्वांत वर स्थानकाच्या नावाचे व चिन्हाचे रंगीत फलक लावले. अ‍ॅस्टर प्लेसच्या फलकावर बॉस्टनच्या ग्रूबी कारखान्यात घडवलेला बीव्हर हा प्राणी झाड कुरतडताना दिसतो, कारण अ‍ॅस्टर घराण्याची संपत्ती त्याच्या कातड्याच्या व्यापारातून आली होती. अक्षर न वाचता येणाऱ्या नव्या स्थलांतरितालाही आपले स्थानक ओळखता यावे, हा अशा चिन्हांचा मोठाच फायदा होता. या रचनेत खालचा विटांचा पट्टा आणि वरची पांढरी टाइल या दोहोंची चाल एकच असल्याने भिंत पायापासून कमानीपर्यंत सलग वाटते. खरी वीट खाली आणि तिचे पातळ, धुता येणारे रूप वर, असा हा सांधा इतक्या मोकळेपणाने इतरत्र क्वचितच दाखवला गेला असेल, आणि या टाइलच्या साऱ्या इतिहासात सर्वांत गुणी काम कोणते असे विचारले, तर उत्तर याच भिंतींकडे बोट दाखवते.

ज्या भीतीने स्थानके पांढरी केली, तिनेच घरेही पांढरी केली. न्यूयॉर्कच्या १९०१ च्या गृहकायद्याने नव्या इमारतीतील प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र शौचालय आणि वाहते पाणी देणे बंधनकारक केले. पाणी नळाने घरात आले की ते भिंतीवर उडू लागले, आणि चूल भिंतीतल्या कोनाड्यातून बाहेर येऊन गॅसच्या शेगडीच्या रूपाने भिंतीला टेकली की तेलही उडू लागले. तीन बाय सहाची पांढरी टाइल आधी न्हाणीघरात, मग सिंकमागे आणि शेगडीमागे आली. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत रंगीत चौरस टाइल्स, पत्रे आणि प्लॅस्टिकचे तक्ते यांनी तिला मागे सारले. शतकाच्या अखेरीस जुन्या स्थानकांची दुरुस्ती होत असताना ती पुन्हा लोकांच्या नजरेत भरली आणि उपाहारगृहांतून घरांत परतली.

मुंबईचा मार्ग वेगळा होता. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले, १८९८ मध्ये सुधारणा विश्वस्त मंडळ, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले, आणि येथेही हवा, उजेड व धुता येणारी भिंत यांची चर्चा सुरू झाली. पण चाळीच्या खोलीत स्वयंपाक जमिनीवर होत असे, धुराने काळी पडलेली भिंत चुन्याच्या सफेतीने वर्षाकाठी उजळत असे, आणि टाइलचा मान मिळाला तर तो मोरीला मिळे. उभ्याने स्वयंपाक करण्याचा ओटा मध्यमवर्गीय सदनिकांबरोबर हळूहळू रुळला. बर्मा-शेल कंपनीने १९५५ मध्ये मुंबईत सिलिंडरचा गॅस घरगुती वापरासाठी आणला, आणि तीनच वर्षांनी, १९५८ मध्ये, एच अँड आर जॉन्सन या मूळ इंग्रज नावाच्या कंपनीचा झिलईदार टाइल्सचा कारखाना ठाण्यात सुरू झाला. शेगडी भिंतीजवळ येणे आणि भिंतीची टाइल गावातच मिळू लागणे या दोन घटना इतक्या लगोलग घडल्या, यात ओट्यामागच्या पांढऱ्या पट्ट्याचे बरेचसे रहस्य आहे. सौराष्ट्रात, थानगढ आणि मोरबी येथे, आधुनिक चिनी मातीच्या धंद्याचा पाया घालणाऱ्यांत परशुराम गणपुले हे मराठी उद्योजक होते, आणि पुढे त्याच मोरबीने देशाच्या टाइल्सची बाजारपेठ व्यापली. मात्र भारतीय ओट्यामागे बसली ती सहा इंच चौरस टाइल, आणि तीही सरळ चौकटीत. मध्येच फळांची परडी किंवा किटली छापलेली एखादी टाइल लावायची असे, आणि चित्राला चौकटच लागते.

विटेच्या चालीचे काम कसे होते हे जवळून पाहिले, म्हणजे ती टिकून राहण्याचे दुसरे कारण कळते. ओट्याची कड क्वचितच अगदी समपातळीत असते, म्हणून गवंडी ओट्यावरून माप न घेता पाण्याच्या नळीने भिंतीवर समपातळी रेषा मारतो आणि पहिला थर तिच्यावर बसवतो. ओट्यालगतचा फरक खालच्या कापलेल्या तुकड्यांत जिरवला जातो. भिंतीच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना टाइल्स नुसत्या मांडून पाहिल्या जातात, आणि टोकाला बोटभर रुंदीचा तुकडा उरत असेल तर आरंभ अर्ध्या टाइलने सरकवला जातो. सिमेंटमध्ये काम असेल, तर टाइल्स आधी बादलीत भिजत घालतात, कारण टाइलची बिनझिलईची पाठ सच्छिद्र असते आणि कोरडी टाइल सिमेंटमधले पाणी शोषून घेऊन पकड कच्ची ठेवते. पाठीवर सिमेंटचा लेप थापीने सारखा करून टाइल दाबली जाते, मुठीने हलके ठोकली जाते, आणि आवाज पोकळ आला तर ती काढून पुन्हा बसवली जाते. एक थर अखंड टाइलने आणि पुढचा अर्ध्या टाइलने सुरू होतो. कापलेली कड कोपऱ्यात जाते आणि कारखान्यात झिलई चढलेली कड सांध्याकडे राहते. चांगला कारागीर एकाआड एक थरांतील सांधे ओळंब्याने ताडून पाहतो, कारण याच रचनेत उभी रेषा एक थर सोडून पुन्हा उगवते.

याच अंतराने कारागिराला उसंत मिळते. चौकटीच्या रचनेत आडव्या आणि उभ्या दोन्ही रेषा भिंतभर सलग धावतात, त्यामुळे एका टाइलचे माप अर्ध्या मिलिमीटरने चुकले तरी ती चूक पुढे-पुढे सरकत जाऊन चौफुल्यांवर उघडी पडते. विटेच्या चालीत सलग रेषा फक्त आडवी असते. उभी रेषा प्रत्येक थराला तुटते आणि नजरेला तुलना करायला लगतचा सांधा सापडत नाही. जुन्या काळातील टाइल्सच्या मापांतले बारीकसारीक फरक, वेगाने उरकायचे काम आणि विटांच्या कामात मुरलेले हात या तिन्हींना ही रचना सांभाळून घेत आली, आणि भक्कमपणाच्या भासाइतकेच हेही तिच्या दीर्घायुष्याचे कारण आहे.

तिची किंमत सांध्यांच्या लांबीत मोजावी लागते. तीन बाय सहाची टाइल लावली, तर एका चौरस फुटात सुमारे सहा फूट लांबीचा सांधा येतो. सहा इंच चौरस टाइलमध्ये तो चार फूट, आणि बारा बाय अठराच्या टाइलमध्ये पावणेदोन फुटांच्या आत येतो. दहा फूट लांब आणि दोन फूट उंच पट्ट्यावर १६० टाइल्स आणि १२० फूट सांधा, हा हिशेब हळद आणि तेल रोज वापरणाऱ्या घराने आधी केलेला बरा. पांढऱ्या सिमेंटने भरलेला सांधा सच्छिद्र असल्याने हळदीचा रंग पिऊन घेतो. इपॉक्सी नावाच्या रासायनिक चिकट द्रव्याचा सांधा महाग पडतो आणि झपाट्याने घट्ट होत असल्याने भरायला कठीण असतो, पण तो डाग धरत नाही. न्यूयॉर्कच्या स्थानकांत सांधा इतका बारीक ठेवला होता, त्यामागेही मळ धरणारी जागा शक्य तितकी कमी करण्याचाच विचार होता. आज मात्र गडद राखाडी रंगाचा जाड सांधा हौसेने घेतला जातो, आणि तो या टाइलच्या मूळ हेतूला फारसा मानवणारा नाही.

मोठ्या टाइलवर ही चाल नेली की आणखी एक अडचण उभी राहते. लांब टाइल भट्टीत भाजताना किंचित कमानदार होते, तिचा मध्य टोकांपेक्षा केसभर उंच राहतो. अर्ध्याने सरकवले, तर एकीचे सर्वांत खालचे टोक दुसरीच्या सर्वांत उंच मध्याशी येते आणि भिंतीवर तिरपा उजेड पडला की कडांच्या सावल्या दिसू लागतात. म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय मानकात पंधरा इंचांहून लांब टाइल अर्ध्याऐवजी जास्तीत जास्त एकतृतीयांशाने सरकवावी असा नियम आहे. सहा इंची टाइलला ही अडचण जाणवत नाही, कारण तेवढ्या लांबीत कमान नगण्य असते. विटेची अर्धी सांधेमोड आणि ही लहान टाइल यांचे इतके जमले, ते दोघींच्या मापांमुळेही.

मोरबीच्या कारखान्यांतून आता एक तिसराच प्रकार येतो. टाइलवर शाईच्या फवाऱ्याने छपाई करणारी यंत्रे या शतकाच्या आरंभी स्पेनमध्ये आली आणि पुढे भारतातही पसरली. त्यांच्या मदतीने बारा बाय अठरा इंचांच्या एकाच टाइलवर तीन बाय सहाच्या बारा-पंधरा टाइल्सचे चित्र, मधल्या राखाडी सांध्यांसह, छापले जाते. ब्रायटनच्या टाइलने विटेचे रूप घेतले होते. ही टाइल विटेसारख्या बसवलेल्या टाइल्सचे रूप घेते. तिच्यावरच्या सांध्यांना हळद लागत नाही आणि काम चौपट वेगाने होते, ही सोय खरी आहे आणि लहान घराच्या खर्चात ती मोलाची ठरते. पण छापील थर टाइलच्या सरळ कडेला तुटतो, कडेवरच्या अर्ध्या टाइल्सची चित्रे शेजारच्या टाइलवरील अर्ध्यांशी तंतोतंत जुळवावी लागतात, आणि दर अठरा इंचांवर एक खरा उभा सांधा वरपासून खालपर्यंत सरळ रेषेत जातो. त्या ठिकाणी सांध्याखाली सांधा येतो, आणि छापील रंगाशी खऱ्या सांध्याचा रंग जुळवणे हे गवंड्याच्या हातात उरलेले मुख्य काम असते.